निष्ठेचा भाव काय? क्रूझ कंपन्यांच्या सदस्य-योजनांचं एक वाचन

या मालेत आजवर आपण कादंबऱ्या वाचल्या, नाटकं वाचली, एकदा तर जुनी पाककृतींची पुस्तकंही समोर घेऊन बसलो. आज जे वाचणार आहोत ते कुणी हौसेनं वाचत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या क्रूझ कंपन्या परत परत येणाऱ्या प्रवाशांसाठी ज्या योजना चालवतात त्यांची नियमावली, दर्जांचे तक्ते आणि सवलतींच्या जाहिराती, हा आजचा मजकूर. रूक्ष आहे, बारीक अक्षरात आहे. पण त्याच्या मध्यभागी एक फार मोठा शब्द बसलाय. लॉयल्टी. मराठीत निष्ठा. एवढा मोठा शब्द वापरणारा मजकूर समीक्षेच्या हातून सुटता कामा नये, असं आम्हाला वाटलं. आम्ही म्हणजे आमचं पाचसहा जणांचं वाचनमंडळ. त्यातल्या तिघांची मुलं अमेरिकेत आहेत, म्हणून हा विषय आमच्यापर्यंत आला.

कसा आला ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्या एका प्रसंगातून निघालंय. आईवडील सहा महिन्यांसाठी अमेरिकेला गेले की नायगारा होतो, वॉशिंग्टन होतं, आणि मग हल्ली क्रूझ असते. न्यू जर्सीत बेयॉनला केप लिबर्टी नावाचा धक्का आहे, तिथून बर्म्युडाकडे, बहामाकडे बोटी सुटतात. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांना विमानाचं तिकीटही काढावं लागत नाही, गाडी काढली की झालं. तर आमच्यातल्या एका जोडप्याला मुलगा असाच घेऊन गेला. कंपनीचं नाव घेत नाही, गरज नाही. मुलगा-सून त्या कंपनीचे जुने प्रवासी, वरच्या दर्जाचे. बोटीवर त्या दर्जाच्या लोकांसाठी वेगळं लाउंज होतं. संध्याकाळी चौघं तिकडे गेले, तर दारावर कार्ड लावायचं. मुलाचं कार्ड चाललं, सुनेचं चाललं. आईवडिलांचं लागलं नाही. दारावरची मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली की दर्जा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आईनं मुलाला विचारलं, "तुझे पॉइंट कसले असतात रे?" तो म्हणाला, "बोटीवर काढलेल्या रात्रींचे." आई म्हणाली, "मग आम्ही काय रात्री पोहून काढतोय?"

हे ऐकून आम्ही खूप हसलो. आणि मग नियमावली वाचायला घेतली.

आधी यंत्रणा. उदाहरण म्हणून रॉयल कॅरिबियनची योजना घेऊ, कारण ती समजायला सोपी आहे. तिचं नाव क्राउन अँड अँकर सोसायटी. बघा, 'सोसायटी'. म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक नाही, सभासद आहात. वर्गणी नाही. एक रात्र बोटीवर काढली की एक पॉइंट. स्वीट घेतली तर रात्रीचे दोन. एकटा प्रवासी दोघांचं भाडं भरून केबिन घेत असेल तर त्यालाही जास्तीचा एक. 3 पॉइंटांना गोल्ड, 30 ला प्लॅटिनम, 55 ला एमराल्ड, 80 ला डायमंड, 175 ला डायमंड प्लस, आणि 700 ला पिनॅकल.

आता ही आकड्यांची ओळ आपण जशी एखाद्या कथेची रचना बघतो तशी बघू. पहिली पायरी तीन रात्रींची. एक छोटी सफर केली की तुम्ही गोल्ड. सोनं एवढ्या स्वस्तात जगात दुसरीकडे कुठे मिळत नाही! त्यानंतरचं अंतर 27 रात्रींचं, मग 25, मग परत 25. म्हणजे दम लागायच्या आत पुढचा टप्पा दिसतो. डायमंडनंतर एकदम 95. आणि शेवटचं अंतर 525. सात रात्रींची सफर धरली आणि वर्षाला एक केली, तर डायमंडला पोचायला बारा वर्षं लागतात. पिनॅकलला शंभर. शंभर वर्षं! तरीही पिनॅकलची माणसं आहेत. निवृत्त, बरीचशी फ्लोरिडात बंदराजवळ राहणारी, वर्षातले कित्येक महिने बोटीवरच असणारी. पायऱ्या आधी जवळ जवळ आणि मग लांब लांब, ही रचना काही योगायोगानं झालेली नाही. ज्याला सवय लागलीय त्याच्यापुढेच लांबची पायरी ठेवायची असते.

मिळतं काय? डायमंडला रोज चार पेयं फुकट, शिवाय लाउंज, इंटरनेटवर थोडी सवलत, अशा गोष्टी. पेय म्हणजे दारूच पाहिजे असं नाही, कॉफी चालते, ज्यूस चालतो. बोटीवर एका पेयाला बारा ते चौदा डॉलर पडतात असं धरलं तर आठवड्याच्या सफरीत माणशी साडेतीनशे डॉलरच्या आसपास झाले. हे थोडं नाही, आणि आम्ही त्याची टिंगल करणार नाही. मात्र पेयाची छापील किंमत आणि कंपनीला पडणारी किंमत यांत मोठं अंतर असतं. कंपनी जिथे तिला सगळ्यात स्वस्त पडतं तिथे उदार होते. केबिनच्या भाड्यातली सूट बघा. ती सदस्याला मिळते, पण बाल्कनीच्या खोलीवर किंवा स्वीटवर. खिडकी नसलेल्या आतल्या केबिनला ती लागत नाही. म्हणजे सूट हवी असेल तर आधी महागाचं घ्या.

आणि आता त्या लाउंजच्या दाराकडे येऊ. या योजनेत एका पत्त्यावर राहणाऱ्या नवरा-बायकोचा दर्जा सामायिक धरतात, ज्याचा वरचा त्याचा दोघांना. अपवाद पिनॅकलचा, तो ज्याचा त्याचा. अठरा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांचा दर्जा मिळतो. उलटा मात्र मिळत नाही. तीन वर्षांचं पोर जन्मतःच डायमंड असू शकतं आणि त्याची आजी पाहुणी. आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, ही तर रेशनकार्डाच्या उलटी तऱ्हा झाली, रेशनकार्डावर आधी म्हाताऱ्यांची नावं असतात. आम्हाला यात कंपनीचा दुष्टपणा दिसत नाही. तिच्या डोळ्यांपुढचं कुटुंबच तेवढं आहे. पुढची पंचवीस वर्षं तिकीट काढणार कोण? नात. आजी परत येईलच याची काय खात्री? नियमावलीनं आजीला वाईट वागवलं नाही, तिनं आजी हिशेबात धरलीच नाही.

इथपर्यंत आम्ही टीकाच केली. आता एक चांगली गोष्ट सांगायचीय, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा खरं म्हणजे तीच आहे.

रात्र मोजण्यात एक न्याय होता. कुणी ठरवून आणलेला नसेल, पण होता. बोटीच्या पोटातली, खिडकी नसलेली, दिवा मालवला की दिवस का रात्र कळू नये अशी केबिन घेणारी शाळामास्तरीण आणि वर बाल्कनीत पाय पसरून बसलेला दंतवैद्य, दोघांची रात्र एकच मोजली जायची. स्वीटला दुप्पट आहे, हे मान्य. पण बाकी सगळ्या बोटीत पैसा वेगवेगळा आणि रात्र सारखी. कमी पगाराच्या माणसानं शाळा सुरू झाल्यावरच्या स्वस्त आठवड्यात, किंवा बोट एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात न्यायची असते तेव्हाच्या लांब आणि स्वस्त सफरीत रात्री जमवल्या, तर तोही वर चढत होता. त्याच्याजवळ पैसे कमी पण वेळ होता, आणि योजना वेळ मोजत होती. माणसाचं आयुष्य रात्रींचंच तर बनलेलं असतं. एखाद्यानं त्यातल्या दोनशे रात्री तुमच्या बोटीवर काढल्या, तर त्या नात्याला 'निष्ठा' म्हणताना निदान जीभ अडखळत नाही.

कार्निव्हल ही यातली सगळ्यात लोकांची कंपनी. तिची योजना व्हीआयएफपी, म्हणजे 'व्हेरी इम्पॉर्टंट फन पर्सन'. नाव पोरकट आहे, पण हिशेब साधा: रात्रीला एक पॉइंट, 25 ला गोल्ड, 75 ला प्लॅटिनम, 200 ला डायमंड. वरच्या दोन दर्जांना रांगेत प्राधान्य, आणि कपडे फुकट धुवून मिळत. हसू नका. या धुण्याच्या पिशवीवर लोकांचं केवढं प्रेम! चार मुलांना घेऊन आठवडाभर निघालेल्या आईला विचारा, लाउंज पाहिजे की धुणं. एकदा मिळवलेला दर्जा आयुष्यभर राहत असे.

जून 2025 मध्ये कार्निव्हलनं जाहीर केलं की ही योजना जाऊन 2026 मध्ये 'कार्निव्हल रिवॉर्ड्स' येणार. रात्री मोजणं बंद, डॉलर मोजणं सुरू. जाहीर झालेल्या आराखड्यात एक डॉलर खर्चला की तीन 'स्टार', आणि डायमंडसाठी एक लाख स्टार. भागाकार करा: सुमारे 33 हजार डॉलर. तेही जन्मभरात नाही, दोन वर्षांत. दर्जा दोन वर्षांपुरता, मग पुन्हा कमवायचा. आधीच्या डायमंडवाल्यांना काही वर्षांची मुभा दिली, पण 190 रात्रींवर उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकून काय वाटलं असेल याची कल्पना करा. दहा रात्री राहिल्या होत्या, आणि शिडीच बदलली.

फार ओरड झाली. कंपनीचीही बाजू होती, आणि ती खोटी नव्हती. वरच्या दर्जांत इतकी माणसं जमली होती की प्राधान्याच्या रांगेला अर्थ उरत नव्हता. काही बोटींवर ती रांगच मोठी व्हायची. आयुष्यभराचं वचन दिलं, माणसं जगली, फिरत राहिली, दर्जे साठत गेले. बँकेत ठेवी साठाव्यात तसे. पण ठेव परत मागायला माणूस आला की बँक 'आमच्याकडे ठेवीदार फार झाले' असं म्हणत नाही ना!

म्हटलं तरी कायद्यानं चालेल असं इथे आहे. कारण या सगळ्या योजनांच्या शेवटी जवळजवळ सारखंच एक कलम असतं: कंपनी ही योजना केव्हाही बदलू शकते, आखडू शकते, बंद करू शकते, पॉइंटांना रोख किंमत नाही, ते दुसऱ्याला देता येत नाहीत. आम्ही हे कलम दोनदा मोठ्यानं वाचलं. आपल्याकडे करारात दोन्ही बाजूंनी काहीतरी बांधून घेतलेलं असतं. इथे एका बाजूनं बारा वर्षं दिली आणि दुसऱ्या बाजूनं 'सध्यापुरतं' दिलं. तरी त्याचं नाव निष्ठा, आणि ती दाखवायची प्रवाशानं.

हे सगळं विमानवाल्यांकडून आलंय हे सांगायला हवं. अमेरिकन एअरलाइन्सनं 1 मे 1981 ला अ‍ॅडव्हांटेज योजना सुरू केली आणि उडलेले मैल मोजायची प्रथा रुजली. मग 2015 साली डेल्टानं आणि युनायटेडनं, पुढच्या वर्षी अमेरिकननं, मैलांऐवजी तिकिटाच्या डॉलरवर बक्षीस द्यायला सुरुवात केली. गंमत म्हणजे शब्द मैलच राहिला. मोजायचे डॉलर आणि म्हणायचं मैल. बोटी दहाएक वर्षं मागे होत्या, एवढंच. आणि सगळ्या बोटी त्या वाटेनं गेल्या आहेत असंही नाही, पण एक गेली की बाकीचे धक्क्यावर उभे राहून बघत असतात.

आमच्यात इथे मतभेद झाला, तो लपवत नाही. आमच्यातले एक गृहस्थ जन्मभर बँकेत होते. ते म्हणाले, जास्त पैसे देणाऱ्याला जास्त, यात खोटं काय आहे? उलट हेच प्रामाणिक. दुकानदार मोठ्या गिऱ्हाइकाला खुर्ची देतो. त्यांचं म्हणणं आम्ही मान्य केलं, पण एका अटीवर: मग 'निष्ठा' हा शब्द टाका आणि 'उलाढाल' म्हणा. उलाढालीचा दर्जा, उलाढालीचं कार्ड. शब्द बदलला की कुणाची तक्रार राहणार नाही. पण शब्द बदलणार नाहीत, कारण 190 रात्री काढायला माणूस त्या शब्दासाठीच येतो.

आपली नेहमीची भाजीवाली असते. ती चार कोथिंबिरीच्या काड्या वर टाकते. किती वर्षं येता याची वही तिच्याकडे नसते, आणि एखाद्या दिवशी नाही टाकल्या तर आपण दर्जा गेला म्हणत नाही. कारण ते मोजलेलं नव्हतं. मोजायला लागलात की ती देणगी राहत नाही, देणं होतं. क्रूझ कंपन्यांनी मोजायला सुरुवात केली, रात्री रात्रींचा तक्ता छापला, आणि मग ऐन वेळी म्हणाल्या की अहो, ती तर कोथिंबीर होती.

आता सवलतींकडे येऊ. हा भाग आम्ही जरा भराभर उरकतो, कारण इथे युक्त्या बऱ्याच आणि विचार एकच.

जानेवारी ते मार्च हा या धंद्याचा मोसम. त्याला 'वेव्ह सीझन' म्हणतात. थंडीनं गारठलेला माणूस उन्हाच्या चित्रांकडे बघत असतो तेव्हा जाहिराती येतात. रॉयल कॅरिबियनची एक नेहमीची जाहिरात 'दुसऱ्या प्रवाशाला 60 टक्के सूट' अशी असते. पहिल्याचं भाडं हजार असेल तर दुसऱ्याचं चारशे, एकूण चौदाशे. म्हणजे दोघांत मिळून 30 टक्के. साठ म्हणताना तोंड भरतं, तीस म्हणताना तेवढं भरत नाही. आणि मुख्य प्रश्न वेगळाच: तो हजार आला कुठून? क्रूझचं भाडं रोज हलतं. बोट किती भरली यावर ते वरखाली होतं. छापील किंमत नावाची वस्तूच नाही, मग सूट कशावरची? वर्षभर चालणाऱ्या सुटीला मराठीत किंमत म्हणतात. 'मुलं फुकट' अशीही जाहिरात असते. तिथे भाडं फुकट, कर आणि बंदराचे आकार नाहीत, आणि रोजची टिपही नाही.

टिप हा स्वतंत्र अध्याय आहे. मोठ्या कंपन्यांत माणशी रोज सोळा ते वीस डॉलर आपोआप खात्यावर लागतात. चौघांचं घर, सात रात्री, अठरा डॉलर धरा: पाचशे चार. डायमंड असा की गोल्ड असा, यात सूट नाही. मागे जाहिरातीतल्या किमतीत कर आणि बंदराचे आकारही नसायचे, शेवटच्या पानावर उगवायचे. 1 जुलै 2024 पासून कॅलिफोर्नियानं असे लपवलेले आकार कायद्यानं बंद केले, आणि मोठ्या कंपन्यांनी मग सगळ्या अमेरिकेतच पूर्ण किंमत दाखवायला सुरुवात केली. आमच्या मते, गेल्या काही वर्षांत क्रूझच्या प्रवाशाला मिळालेली सगळ्यात खरी सवलत हीच. ती मिळवायला एकही रात्र काढावी लागली नाही.

बोटीवर शेवटच्या दोन दिवसांत पुढची सफर आत्ताच नोंदवा म्हणून टेबल मांडतात. अनामत भरा, बोटीवर खर्चायला थोडे पैसे देतो. ते पैसे बोटीवरच खर्चायचे आणि बहुतेक वेळा उरले तर बुडाले. उद्या घरी जायचंय या विचारानं मन जड झालेलं असतं त्याच वेळी हे टेबल का असतं, हे आम्ही सांगायला नको.

काही सवलती मात्र निष्ठेचं नावही घेत नाहीत, आणि म्हणून आम्हाला त्या वाचायला बऱ्या वाटल्या. कार्निव्हल कॉर्पोरेशनचे किंवा रॉयल कॅरिबियनचे शंभर शेअर जवळ असले की आठवड्याच्या सफरीला शंभर डॉलर बोटीवर खर्चायला मिळतात, अशी जुनी पद्धत आहे. छोट्या सफरीला पन्नास, दोन आठवड्यांना अडीचशे. भागधारकाला कुणी प्रेम दाखव म्हणत नाही. दुसरी सवलत जुगाराची. बोटीवरच्या कॅसिनोत जो भरपूर खेळतो त्याला केबिनच फुकट देतात. म्हणजे ज्या कंपनीत 80 रात्री काढल्या की चार पेयं, तिथेच मशीनमध्ये पुरेसे पैसे घातले की अख्खी खोली. तिसरी आमची आवडती. एमएससी ही कंपनी दुसऱ्या क्रूझ कंपनीतला, इतकंच नव्हे तर हॉटेलांच्या योजनांतला तुमचा दर्जा बघून स्वतःकडे त्याच्या तोडीचा दर्जा देते. दुसऱ्याशी किती एकनिष्ठ राहिलात याचा दाखला आणा, आम्ही तुम्हाला आमचे निष्ठावंत म्हणू! एखाद्या प्रहसनात हे घातलं असतं तर आपण लेखकाला अतिशयोक्ती केली म्हणालो असतो.

एक गोष्ट बोलायची राहिलीय. या बोटींवर वाढणारे, खोल्या आवरणारे, स्वयंपाकघरात राबणारे अनेक जण गोव्याचे, कोकणपट्टीचे आहेत. कित्येकांच्या घरात ही दुसरी-तिसरी पिढी बोटीवर. सहा ते नऊ महिन्यांचा करार असतो. नऊ महिने म्हणजे 270 रात्री. कार्निव्हलच्या जुन्या तक्त्यानं एका करारात डायमंड! त्यांच्या रात्रींना अर्थातच पॉइंट नाहीत, त्यांना पगार आहे, आणि ते बरोबरही आहे. पण रात्र मोजणं म्हणजे निष्ठा मोजणं, असं ज्या बोटीवर ठरलं होतं, तिथे सगळ्यात जास्त रात्री काढणारा माणूस लाउंजच्या दारावर उभा राहून दुसऱ्यांची कार्डं तपासत होता. आमच्या त्या आजींना नम्रपणे नाही म्हणणारी मुलगी पेडण्याची निघाली. दुसऱ्या दिवशी आजींशी कोकणीत बोलली. कॉफी मात्र तिला देता येईना, तेवढा तिला अधिकार नव्हता.

आणि बोटींचं आयुष्यही बघा. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' आपल्यातल्या काहींनी बघितली असेल. ती 1990 ची बोट, आधी रॉयल कॅरिबियनकडे होती, 'एम्प्रेस ऑफ द सीज' नावानं. तिच्यावर रात्री काढून डायमंड झालेली माणसं आज अमेरिकेत आहेत. बोट विकली गेली, इकडे आली, तिच्यावरच्या रात्रींचा हिशेब तिकडे राहिला.

बरं, वेळ होत आलाय. दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

पहिला प्रश्न: "मग पैसे वाचवायचे तर नेमकं करायचं काय?" अमेरिकेत तिकीट काढलं असेल तर शेवटचा हप्ता भरायची तारीख बघून ठेवा. ती साधारण सफरीच्या तीन महिने आधी असते. त्या तारखेपर्यंत भाडं उतरलं तर बहुतेक कंपन्या मागितल्यावर नवा भाव लावून देतात. मागितल्यावर, हं. आपोआप नाही. अनामत परत न मिळणारी असेल तर अटी आधी वाचा, कधी दंड कापतात. दर आठवड्याला एकदा भाव बघणारा माणूस आमच्या अनुभवात बिल्ला मिरवणाऱ्यापेक्षा जास्त वाचवतो. आमच्यातल्या एका मावशींनी असे दोनदा पैसे परत मिळवले. त्यांचा दर्जा अजून गोल्डच आहे.

दुसरा प्रश्न न्यू जर्सीहून आलाय. "आमचे 71 पॉइंट झालेत. डायमंडला नऊ कमी आहेत. रॉयल कॅरिबियननं रात्री मोजणं अजून चालू ठेवलंय, पण उद्याचं सांगता येत नाही. तेवढ्यासाठी यंदा अजून एक सफर करावी का?"

हा प्रश्न वाचून आम्ही आपसात जरा गप्प झालो, कारण आजचं सगळं व्याख्यान याच नऊ रात्रींवर उभं आहे. हिशेब असा करा. नऊ रात्रींचं दोघांचं भाडं, त्यावर दोघांची टिप, दिवसाला अठरानं तीनशे चोवीस डॉलर, शिवाय बोटीवरचा खर्च. हे सगळं एका कागदावर लिहा. दुसऱ्या बाजूला पुढच्या किती सफरी नक्की करणार आहात ते लिहा. 'करायच्या आहेत' त्या नकोत, ठरलेल्या लिहा. त्या प्रत्येकीवर मिळणारी पेयं तुम्ही एरवी विकत घेतली असती का? नसती घेतली तर ती रकान्यात धरू नका. मग बेरीज बघा. सफर करायचीच असेल, समुद्र बघायचा असेल, तर जा, पॉइंट सोबत येतील. आणि आईवडील उन्हाळ्यात येणार असतील तर त्यांना घेऊनच जा, नऊ रात्री तेव्हाच भरतील. लाउंजमध्ये त्यांना सोडणार नाहीत. पण पेयं तुमच्या कार्डावर असतात, कॉफीचे कप बाहेर डेकवर घेऊन यायला कुणी अडवत नाही. आमच्या त्या मुलानं शेवटचे चारही दिवस तेच केलं.